हापूस कोणी अडवला?



आजची गोष्ट हापूसची आहे, पण ती रत्नागिरी-देवगडला थांबत नाही, पार ब्रुसेल्सला जाते. ब्रुसेल्स म्हणजे बेल्जियमची राजधानी. युरोपीय महासंघाची मोठी कार्यालयं तिथंच आहेत. कासार आंबोलीत बसून त्यांच्याशी आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. पिरंगुट-उरवडे भागातल्या कारखान्यांत ज्या पॅकिंगला जातात त्यांना कदाचित हा प्रश्न पडणार नाही. बाकीच्यांनी घरातला मोबाइलचा चार्जर उलटा करून बघा. बहुतेक चार्जरवर 'सीई' ही दोन इंग्रजी अक्षरं असतात. विजेच्या वस्तू, यंत्रं, खेळणी युरोपात विकायची तर ती खूण लागते. म्हणजे त्यांचा नियम आपल्या फळीवर येऊन बसलाय, आपण फक्त उलटं करून पाहिलं नव्हतं.

तर हापूस. २०१४ साल, मे महिन्याची १ तारीख. आंब्याचा भर मोसम. त्या दिवसापासून भारतातून युरोपीय महासंघाच्या देशांत पाच गोष्टी न्यायला बंदी झाली. आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. यादी ऐकून वाटतं, करणारा आपल्याच परड्यात उभा होता. कारण असं दिलं, की २०१३ या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि तसल्या किडी सापडल्या. फळमाशी तुम्हाला नवी नाही. कारलं वरून हिरवंगार, चिरलं की आत पांढरी अळी वळवळते, ती तिचीच. माशी सालीखाली अंडी घालून जाते, बाहेरून काही कळत नाही. आपण तेवढा भाग काढून टाकतो आणि भाजी फोडणीला घालतो. पण ज्या देशात ही माशी नाही तिथं ती पोचली तर काचघरातल्या टोमॅटो-काकडीचं काय होईल, ही त्यांची भीती. ब्रिटनच्या शेती खात्यानं आपल्या लोकांना हेच कारण सांगितलं.

ब्रिटन तेव्हा महासंघात होता आणि युरोपात जाणारा आपला बहुतेक आंबा तिथंच उतरायचा. वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख आंबे, असा आकडा त्या वेळी सांगितला जात होता. लेस्टर, वेम्बली या भागांत आपल्या लोकांची मोठी वस्ती. तिथल्या दुकानदारांनी आरडाओरडा केला. लेस्टरचे खासदार कीथ वाझ, मूळ गोव्याच्या घरातले, त्यांनी लंडनमध्ये विषय लावून धरला. गिऱ्हाईक ब्रिटनमधलं, दुकानदार ब्रिटनमधले, विमान उतरायचं ब्रिटनमध्ये. मग ब्रिटनच्या पंतप्रधानांनी एक सही करून बंदी उठवावी, एवढं साधं ते असायला हवं होतं. पण ती सही त्यांच्या हातात नव्हती. ब्रिटननं तो अधिकार कित्येक वर्षांपूर्वी सामाईक खात्यात टाकला होता.

हे सामाईक खातं आलं कुठून, ते सांगते.

चार भावांची एक विहीर असते. मोटर एक, पाळ्या चार. पाळीवरून आधी शिव्या, मग कोर्ट, कधी कुऱ्हाडी. अशा वेळी गावातली शहाणी माणसं मोटरच्या खोलीची किल्ली कुठल्याच भावाकडे ठेवत नाहीत, बाहेरच्या माणसाकडे देतात. युरोपानं हेच केलं. फ्रान्स आणि जर्मनी ७० वर्षांत तीनदा लढले, १८७०, १९१४ आणि १९३९. शेवटच्या युद्धानं सगळा युरोप जमीनदोस्त झाला. लढाईला तोफा लागतात, तोफांना पोलाद, पोलादाला कोळसा. म्हणून ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमान यांनी सुचवलं, की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक मंडळाच्या हाती देऊ. कल्पना मुळात ज्याँ मोने या गृहस्थांची. घरचा ब्रँडीचा व्यापार, कधी निवडणूक लढवली नाही, पण देशोदेशीच्या सरकारांत उठबस. १९५१ साली सहा देशांनी पॅरिसमध्ये करार केला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि छोटं लक्झेंबर्ग.

त्या पहिल्या करारातच चार खोल्यांचं घर बांधलं होतं. एक, नऊ जणांचं मंडळ, ज्यांनी आपापल्या सरकारचा हुकूम घ्यायचा नाही. हा आपला किल्लीवाला. त्याचंच पुढं युरोपीय आयोग असं नाव झालं. दुसरी खोली सरकारांच्या मंत्र्यांची, म्हणजे भावांची बैठक. तिसरी प्रतिनिधींची सभा, सुरुवातीला ७८ जणांची आणि नुसती चर्चा करणारी. चौथी न्यायालयाची. पुढं १९५७ मध्ये रोमचा करार झाला, कोळशापाशी सुरू झालेली भागीदारी सगळ्या व्यापारापर्यंत आणि शेतीपर्यंत पोचली, सहाचे २८ देश झाले, पण घराचा नकाशा पुष्कळसा तोच राहिला. भांडणं झाली ती कुठल्या खोलीत किती ताकद असावी यावर.

मोठं भांडण १९६५ सालचं. करारात लिहिलं होतं, की काही वर्षांनी पुष्कळसे निर्णय एकमताऐवजी बहुमतानं होतील. ती वेळ जवळ आली तसे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल बिथरले. शेतीच्या पैशावरूनही वाद पेटला होता. त्यांनी आपला माणूस बैठकीला पाठवणंच बंद केलं. सुमारे सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी. घरातला थोरला जेवायला येत नाही म्हणून ताटं मांडून बसावं तसे बाकीचे पाच थांबले. १९६६ च्या जानेवारीत तोडगा निघाला. कुणा देशाचा फार महत्त्वाचा प्रश्न असेल तर सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं. ऐकायला चांगलं वाटतं, पण त्यामुळं जवळजवळ वीस वर्षं एकाच्या नकारानं गाडं अडत राहिलं. १९८६ च्या नव्या करारानं बाजारासंबंधीच्या बहुतेक गोष्टी बहुमतावर आणल्या. आजचा हिशोब असा. २७ पैकी किमान १५ देश हवेत, आणि त्या देशांत मिळून महासंघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. म्हणजे नुसत्या छोट्या देशांनी मोठ्यांना दाबता येत नाही आणि नुसत्या मोठ्यांनी छोट्यांनाही नाही. परराष्ट्र धोरण, कर अशा विषयांत मात्र आजही एकाचा नकार पुरतो.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे जीएसटी परिषद. आपण एक देश आहोत, महासंघ नाही, हा फरक मोठाच. पण त्या परिषदेत केंद्र आणि राज्यं आपापला कर बसवण्याचा अधिकार एकत्र आणून बसतात. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश वजन लागतं. सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला तेव्हा देशभरातल्या बायकांनी अर्थमंत्र्यांना उद्देशून मोहिमा केल्या. पण तो कर हटवणं एकट्या अर्थमंत्र्यांचं काम नव्हतं. जुलै २०१८ मध्ये परिषदेच्या बैठकीत निर्णय झाला तेव्हा तो गेला. लेस्टरच्या दुकानदारांची गत यापेक्षा वेगळी नव्हती.

आता आंब्याकडे परत. बंदीचा निर्णय घेतला कोणी? युरोपीय संसदेत त्यावर मतदान झालं नव्हतं, पंतप्रधानांची बैठकही बसली नव्हती. आयोगानं प्रस्ताव मांडला आणि वनस्पतींच्या आरोग्याची एक स्थायी समिती आहे, तिनं २६ मार्च २०१४ ला मान्यता दिली. त्या समितीत प्रत्येक सदस्य देशाच्या शेती खात्याचा अधिकारी बसतो, ब्रिटनचाही बसायचा. मोठे कायदे संसद आणि मंत्री मिळून करतात, पण रोजचा कारभार अशा समित्यांतून चालतो. मला स्वतःला हे खटकतं. ज्या निर्णयानं कोकणातल्या पॅकहाउसमधल्या बाईचा रोज बुडतो, तो घेणाऱ्यांची नावं ना तिला माहीत, ना लंडनच्या दुकानदाराला. खुद्द युरोपातले लोकही हीच तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंदीच्या आदेशात कारण लिहिलेलं होतं, मुदत लिहिलेली होती, २०१५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत, आणि त्याआधी फेरविचार कशावर होईल हेही कळत होतं. माशी थांबवल्याचा पुरावा हवा होता. आपल्या वाणिज्य मंत्र्यांनी पत्र लिहिलं, निषेध झाला, पण वजन पडलं ते पुराव्याचं. मालाची तपासणी मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्येच होईल अशी सक्ती झाली. आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा, किंवा गरम वाफेच्या खोलीतून काढायचा, म्हणजे सालीखालची अंडी मरतात आणि फळ शिजत नाही. पाणी जरा जास्त तापलं तर हापूसचा रंग आणि चव बिघडते, कमी तापलं तर अळी जगते. राज्याच्या पणन मंडळाच्या वाशीच्या केंद्रात ही सोय आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये महासंघाचे तपासनीस भारतात येऊन सगळं बघून गेले. त्यांचं कार्यालय आयर्लंडमधल्या ग्रेंज नावाच्या लहानशा ठिकाणी होतं, म्हणजे हापूसचं नशीब काही महिने एका आयरिश खेड्यातल्या अहवालावर अडकलं होतं. २० जानेवारी २०१५ ला त्याच समितीनं आंब्यावरची बंदी मुदतीच्या आधीच उठवायला मत दिलं. पुढचा मोसम हाती लागला. वांगं, कारलं, पडवळ, अळू यांची बंदी मात्र २०१६ संपेपर्यंत चालली. अळूवडीसाठी कोणी निषेध केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आंब्याचा निर्णय समितीत फिरला. पण या घराला एक न्यायालयाची खोली आहे म्हटलं ना, तिथं एका बाईनं जे केलं ते मला हापूसपेक्षाही सांगावंसं वाटतं.

१९५७ च्या रोम करारात ११९ नंबरचं एक कलम होतं. बाई-पुरुषांना समान कामाला समान वेतन. हे कलम बायकांच्या कळवळ्यानं आलं असं समजू नका. फ्रान्समध्ये तसा कायदा आधीच होता आणि शेजारचे देश बायकांना कमी पगारात राबवून स्वस्त माल विकतील अशी तिथल्या कारखानदारांना, विशेषतः कापडवाल्यांना, धास्ती होती. म्हणून फ्रान्सनं ते घालून घेतलं. पुढं कलम कागदावर निजून राहिलं. बेल्जियममध्ये एर्स्टाल नावाच्या गावी बंदुकांचा कारखाना होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये तिथल्या सुमारे ३,००० कामगार बायका संपावर गेल्या, जवळजवळ तीन महिने. त्यांच्या फलकांवर समान वेतनाची मागणी होती आणि कलम ११९ चा हवाला होता. ज्या करारावर मंत्र्यांनी सह्या केल्या तो कारखान्यातल्या बायकांनी वाचला होता.

त्याच देशात गॅब्रिएल दफ्रेन ही साबेना विमान कंपनीत हवाईसुंदरी होती. तिच्याच कामाला पुरुषाला जास्त पगार. शिवाय बाई चाळिशीला पोचली की नोकरी संपली, पुरुषाला तशी अट नाही. १९६८ मध्ये तिची नोकरी गेली. ती कोर्टात गेली, एलियान व्होगेल या वकीलबाई तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पगारातल्या फरकाची मागणी होती १२,७१६ बेल्जियन फ्रँक, काही फार मोठी रक्कम नव्हे. प्रकरण बेल्जियमच्या कोर्टानं युरोपीय न्यायालयाकडं विचारणा म्हणून पाठवलं. ८ एप्रिल १९७६ ला निकाल आला. सरकारनं वेगळा कायदा केलेला असो-नसो, करारातलं हे कलम दाखवून कोणतीही बाई थेट आपल्या देशाच्या कोर्टात वेतन मागू शकते. करार देशादेशांतला असला तरी त्यातला हक्क थेट माणसाच्या हातात येतो. लगेच एक खोच मारली, की मागचा फरक फक्त ज्यांनी आधीच दावा केलाय त्यांनाच, नाहीतर कंपन्यांचं दिवाळं निघेल. नऊ देशांच्या सरकारांना थोडं सांभाळून घेतलं म्हणायचं.

आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ चाच होता. आणि १९८१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर नर्गिस मिर्झा आणि तिच्या सोबतिणींचं एअर इंडियाविरुद्धचं प्रकरण आलं. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम कोर्टानं रद्द केला, पण हवाईसुंदरी आणि पुरुष कर्मचारी हे वेगळे वर्ग, त्यांच्या अटी वेगळ्या चालतील, हे मान्य केलं. आपल्या भातलावणीला बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा, तेव्हा कोणी हेच कारण देतं. गडी चिखलणी करतो, बाई लावते, कामच वेगळं.

संसदेचं थोडक्यात. १९७९ पर्यंत तिथले सदस्य आपापल्या देशाच्या संसदेनं पाठवलेले असत. त्या वर्षी पहिल्यांदा लोकांनी थेट मतदान करून ४१० सदस्य निवडले आणि अध्यक्षस्थानी सिमोन व्हेल ही फ्रान्सची बाई आली. सोळा वर्षांची असताना नाझींनी तिला पकडून आउशवित्झच्या छळछावणीत नेलं होतं. तेव्हा संसदेचं काम बहुतांशी सल्ल्याचं. आज ७२० सदस्यांच्या या संसदेच्या संमतीशिवाय बहुतेक मोठे कायदे होत नाहीत. तरी कायद्याचा मसुदा मांडायचा अधिकार अजून आयोगाकडेच आहे, सदस्य फक्त मागणी करू शकतात. आयोगाच्या अध्यक्षपदी बाई यायला मात्र २०१९ उजाडलं, उर्सुला फॉन डेर लायेन.

देशांच्या प्रमुखांची जी वरची बैठक, युरोपीय परिषद, तिथं काही वर्षं आपल्या किनाऱ्याचे दोघं एकाच टेबलाशी बसत. पोर्तुगालचे पंतप्रधान अँतोनियो कोस्ता, ज्यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं, आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांचे डॉक्टर वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. वराडकर २०१९ च्या डिसेंबरअखेर गावी येऊन गेले तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो पाहिले असतील. ब्रिटननं २०१६ मध्ये महासंघ सोडायचा कौल दिला तेव्हा आयर्लंडची अडचण झाली. बेटावर पुन्हा तारेचं कुंपण आणि नाकी आली तर तीस वर्षांचा रक्तपात कसाबसा थांबलाय तो परत सुरू होईल, ही भीती. आयर्लंडची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मी. एकटा देश ब्रिटनपुढं टिकला असता का, सांगता येत नाही. पण बाकीचे २६ देश मागं उभे राहिले आणि ती सरहद्द उघडी राहिली. सामाईक खात्यानं ब्रिटनला आंब्यावर सही करू दिली नाही, त्याच खात्यानं आयर्लंडला उभं केलं. कोस्ता तर १ डिसेंबर २०२४ पासून त्या परिषदेचेच अध्यक्ष आहेत.

आता आपल्या भाताचं. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, करपा आला की दुकानदार जी औषधं देतो त्यांत ट्रायसायक्लाझोल असतं. तांदळात त्याचा अंश किलोला १ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं महासंघात होतं. सुरक्षिततेची पुरेशी माहिती पुढं आली नाही म्हणून तो आकडा ०.०१ वर आणला, म्हणजे शंभरावा हिस्सा, आणि २०१८ उजाडताना तो आपल्या बासमतीलाही लागू झाला. फटका पंजाब-हरियाणाला बसला. मुळशीचा तांदूळ फारसा तिकडं जात नाही, म्हणून इथं चर्चाही झाली नाही. पण हे औषध फवारून झाल्यावर त्याच खाचरात आपण उतरतो आणि तोच भात आपली मुलं खातात.

असा नवा आकडा ठरवायच्या आधी महासंघाला तो जागतिक व्यापार संघटनेकडं कळवावा लागतो आणि इतर देशांना म्हणणं मांडायला साधारण ६० दिवस मिळतात. भारताचं म्हणणं दिल्लीहून जातं. आपल्या भागात महिलांच्या शेतकरी कंपन्या उभ्या राहतायत. त्यांच्यातल्या कोणी तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारायला हरकत नाही, की भातावरच्या औषधांबद्दल अशी सूचना येते तेव्हा ती इथपर्यंत पोचते का, आणि पोचत असेल तर कोणाच्या टेबलावर असते.